दातांभोवतीची खोली : हिरड्यांच्या आरोग्याचे मोजमाप

दंतवैद्याच्या खुर्चीत रुग्ण आडवा झालेला असतो. डॉक्टर त्याच्या तोंडात बोथट टोकाची एक बारीक सळई फिरवितात आणि शेजारी उभ्या असलेल्या साहाय्यकाला आकडे सांगत जातात : तीन, दोन, तीन, तीन, दोन, चार, पाच, तीन, सहा. साहाय्यक ते तक्त्यावर टिपून घेतो. रुग्णाला त्यातले काही उमगत नाही. तो आलेला असतो ठणकणारी दाढ दाखवायला आणि त्याची चौकशी असते ती दाढेत सिमेंट भरायला किती खर्च येईल याची. वास्तविक, आपले दात पुढे किती काळ टिकतील याचा मोठा सुगावा त्या न समजलेल्या आकड्यांतच दडलेला असतो.

रक्तदाब किती, साखर किती, कोलेस्टेरॉल किती, हे आज शहरातील बहुतेक सुशिक्षितांना तोंडपाठ असते. मात्र हिरड्यांची खोली किती, असे विचारले तर उत्तर देणारा विरळाच. दात किडला की दुखतो आणि दुखला की माणूस दवाखाना गाठतो. हिरडीच्या विकाराचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे मुकाट्याने दाताभोवतीचे हाड पोखरत राहतो आणि दात हलू लागल्यावरच अनेकांना जाग येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हिरड्यांच्या गंभीर विकाराने ग्रासले आहे. हा विकार वेळीच ओळखण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेली ती सळई होय.

पॉकेट म्हणजे काय?

हिरडी दाताला अगदी कडेपर्यंत चिकटलेली असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हिरडीची वरची कड दातापासून मोकळी असते. शर्टाची कॉलर मानेभोवती असावी तशी ती दाताभोवती असते आणि दात व हिरडी यांच्यामध्ये एक उथळ खाच राहते. निरोगी तोंडात ही खाच सळईने मोजली असता एक ते तीन मिलिमीटर भरते. खाचेच्या तळाशी हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते. त्याखाली दाताचे मूळ बारीक तंतूंनी जबड्याच्या हाडाशी बांधलेले असते. दात हाडात सिमेंटने घट्ट बसविल्यासारखा नसतो, तर या हजारो तंतूंच्या झोळीत तो तोललेला असतो.

विकार जडला की खाचेचा तळ मुळाच्या दिशेने खाली सरकू लागतो. तंतू तुटतात, हाड झिजते आणि खाच खोल होत जाते. अशा खोल झालेल्या खाचेलाच दंतवैद्यकात ‘पॉकेट’ म्हणतात. आपल्याकडे ‘पायोरिया’ या नावाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जाणारा विकार तो हाच. त्याचे आजचे शास्त्रीय नाव पेरिओडॉन्टायटिस असे आहे.

खोली का वाढते?

या साऱ्याची सुरुवात दातांवर साचणाऱ्या चिकट, पिवळसर थरापासून होते. हा थर म्हणजे केवळ अन्नाचा अंश नव्हे, तर ती जिवाणूंची वसाहत असते. तिला प्लाक म्हणतात. तो ब्रशने निघतो. मात्र तसाच राहिला, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच टणक होऊ लागतो. त्यालाच आपण किटण म्हणतो. किटण ब्रशने निघत नाही आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर अधिक सहज साचतो.

या थराचा आणि हिरडीच्या सुजेचा संबंध डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे हेराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने सिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे पूर्णपणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. त्यांनी पुन्हा दात घासायला सुरुवात केल्यावर साधारण आठवडाभरात सूज ओसरली. हिरडीची सूज, म्हणजे जिंजिव्हायटिस, पूर्ण बरी होऊ शकते, हा त्या प्रयोगाचा दिलासादायक धडा आहे.

सूज दीर्घकाळ राहिली, तर काहींच्या बाबतीत चित्र पालटते. जिवाणूंशी लढण्यासाठी शरीराने उभारलेली यंत्रणाच आजूबाजूचे तंतू आणि हाड यांचा नाश करू लागते. खाच खोल होते तसा तिच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही. प्राणवायूविना वाढणाऱ्या घातक जिवाणूंना अशी जागा मानवते. ब्रशचे केस हिरडीच्या कडेखाली जेमतेम एक मिलिमीटरपर्यंत जातात. पाच-सहा मिलिमीटर खोल कप्प्याच्या तळाशी घरातील कोणतेच साधन पोहोचत नाही. खोली वाढली की सफाई अशक्य होते आणि सफाई नसल्यामुळे खोली आणखी वाढते, असे हे दुष्टचक्र आहे. पॉकेटची खोली हा विकाराचा परिणाम आहे, तसेच ते पुढील विकाराचे कारणही आहे.

मोजणी कशी होते?

या सळईला ‘प्रोब’ म्हणतात. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. आपल्याकडे दंत महाविद्यालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या विल्यम्स प्रोबवर १, २, ३, ५, ७, ८, ९ आणि १० मिलिमीटरवर खुणा असतात. वाचताना गल्लत होऊ नये म्हणून ४ आणि ६ च्या खुणा मुद्दाम गाळलेल्या असतात. सळई हिरडीच्या कडेखाली अलगद सरकवितात. दाब साधारण २० ते २५ ग्रॅम वजनाइतकाच हवा. निरोगी हिरडीला एवढ्या दाबाने दुखत नाही आणि तिच्यातून रक्तही येत नाही.

प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजणी होते. तीन ठिकाणे गाल वा ओठांच्या बाजूची आणि तीन जीभ वा टाळूच्या बाजूची. अक्कलदाढा सोडून २८ दात धरले, तर एकूण १६८ नोंदी होतात. एवढ्या नोंदी कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. विकार सर्वत्र सारखा पसरत नाही, हे त्याचे उत्तर. एकाच दाढेच्या मधल्या भागात दोन मिलिमीटर आणि शेजारच्या दाताला लागून असलेल्या फटीत सात मिलिमीटर खोली असू शकते. आरशात दिसतो तो बहुधा पहिला भाग. दुसरा सळईवाचून कळत नाही.

प्राथमिक चाचणीसाठी याहून सोपी पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रोबला टोकाशी अर्ध्या मिलिमीटरचा गोळा आणि ३.५ ते ५.५ मिलिमीटरच्या दरम्यान काळा पट्टा असतो. सळई घातल्यावर पट्टा पूर्ण दिसला, तर खोल पॉकेट नाही. अर्धवट झाकला गेला, तर चार-पाच मिलिमीटरचे पॉकेट आहे. पूर्ण दिसेनासा झाला, तर सहा मिलिमीटर वा अधिक. ही चाचणी काही मिनिटांत उरकते आणि सविस्तर मोजणी हवी की नको, हे तिच्यावरून ठरते.

क्ष-किरण चित्राने ही मोजणी टळते, असे अनेकांना वाटते. ते खरे नव्हे. त्या चित्रात हाड दिसते, हिरडी दिसत नाही. शिवाय दाताच्या पुढच्या व मागच्या बाजूचे हाड दाताच्याच सावलीत लपते. ही दोन्ही साधने परस्परांना पूरक आहेत.

आकड्यांचा अर्थ

ढोबळमानाने आकडे असे वाचावेत :

१ ते ३ मिलिमीटर : निरोगी खोली. सोबत रक्तस्राव नसेल, तर नेहमीची काळजी पुरेशी.

४ मिलिमीटर : सावधगिरीचा इशारा. ही केवळ सूज असू शकते किंवा विकाराचा प्रारंभही. सफाईनंतर पुन्हा मोजणी आवश्यक.

५ मिलिमीटर : घरच्या सफाईच्या आवाक्याबाहेरचा कप्पा. हिरडीखालची सफाई दंतवैद्याकडून करून घ्यावी लागते.

६ मिलिमीटर व अधिक : खोल पॉकेट. हाडाची झीज तपासून उपचारांची आखणी आणि नियमित पाठपुरावा यांना पर्याय नाही.

सळईचा कोन, दाब आणि तपासणाऱ्याचा हात यांमुळे दोन मोजण्यांत एक मिलिमीटरचा फरक पडू शकतो. त्यामुळे गेल्या वर्षीचे तीन यंदा चार झाले म्हणून लगेच घाबरू नये. त्याच जागी दोन मिलिमीटर वा अधिक वाढ झाली, तर मात्र ती खरी मानून दखल घ्यावी लागते. याचाच अर्थ असा की, एका तपासणीपेक्षा जुना आणि नवा असे दोन तक्ते शेजारी ठेवून पाहणे अधिक मोलाचे असते.

एकटा आकडा फसवू शकतो

खोली हिरडीच्या कडेपासून मोजली जाते आणि ही कड स्थिर नसते. ती सुजून वर चढते, तशीच आक्रसून खाली उतरते. दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल.

एका दाताभोवती खोली केवळ दोन मिलिमीटर आहे. मात्र हिरडी मूळ जागेपासून चार मिलिमीटर खाली उतरली आहे. दाताने आधार गमावला तो दोन अधिक चार, म्हणजे सहा मिलिमीटर. बहुतेक दातांचे मूळ १२ ते १५ मिलिमीटर लांबीचे असते, हे लक्षात घेतले तर या दाताचा जवळपास निम्मा आधार गेलेला आहे. दुसऱ्या दाताभोवती खोली पाच मिलिमीटर आहे. परंतु हिरडी सुजून तीन मिलिमीटर वर चढली आहे. येथे गमावलेला आधार पाच वजा तीन, म्हणजे दोनच मिलिमीटर. निव्वळ खोली पाहिली, तर पहिला दात सुरक्षित आणि दुसरा धोक्यात वाटेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

केवळ सुजेमुळे खोल भासणाऱ्या खाचेला खोटे पॉकेट म्हणतात. गर्भारपणात हिरड्या फुगतात. फिट्सवरील फेनिटॉइन, रक्तदाबावरील निफेडिपिन व अॅम्लोडिपिन आणि अवयव प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन या औषधांमुळेही काहींच्या हिरड्या वाढतात. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता दंतवैद्य आणि आपले डॉक्टर या दोघांना कल्पना द्यावी.

दुसरी महत्त्वाची खूण रक्ताची. मोजताना रक्त आले, तर तेथे सूज आहे असे समजावे. सतत रक्त येणाऱ्या प्रत्येक जागी हाड झिजतेच असे नाही. मात्र ज्या जागी वारंवार तपासूनही रक्त येत नाही, ती जागा बहुधा स्थिर असते. म्हणूनच आज निरोगी हिरड्यांची व्याख्या करताना खोली तीन मिलिमीटरपर्यंत आणि रक्त येणाऱ्या जागा १० टक्क्यांहून कमी, असे दोन्ही निकष एकत्र लावले जातात.

या नियमाला तंबाखूचा मोठा अपवाद आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. हिरड्या वरून फिकट, घट्ट, जणू ठणठणीत दिसतात आणि आत पॉकेट खोल होत जाते. ‘माझ्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही’ हे धूम्रपान करणाऱ्याचे समाधान म्हणूनच धोक्याचे आहे.

सर्वांचेच दात पडतात का?

श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुष मजुरांची तपासणी १९७० ते १९८५ या काळात वेळोवेळी करण्यात आली. ते ब्रश वापरत नव्हते आणि त्यांना दंतोपचारही मिळत नव्हते. सर्वांच्या दातांवर किटण होते आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ८ टक्के मजुरांमध्ये विकार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांमध्ये तो सुजेपलीकडे गेलाच नाही.

या अभ्यासाचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. आजोबांनी आयुष्यभर राखुंडीने दात घासले आणि त्यांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते, असे उदाहरण घरोघरी ऐकायला मिळते. ते खोटे नसते. तथापि आपण त्या ११ टक्क्यांतले की ८ टक्क्यांतले, हे किटण पाहून वा सूज पाहून सांगता येत नाही. ते सळईने मोजल्यावरच कळते.

मधुमेह आणि तंबाखू

हिरड्यांच्या विकाराचे नवे वर्गीकरण २०१७ मध्ये शिकागो येथे झालेल्या जागतिक कार्यशाळेत ठरले आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. विकार किती झाला यावरून त्यात चार टप्पे आहेत, तर तो किती वेगाने वाढेल यावरून तीन श्रेणी. श्रेणी ठरविताना दोन गोष्टींना विशेष वजन दिले आहे : धूम्रपान आणि मधुमेह. दिवसाला दहा वा अधिक सिगारेटी ओढणारा, अथवा ज्याचे एचबीएवनसी ७ टक्के वा अधिक आहे असा मधुमेही, सर्वांत वेगवान श्रेणीत गणला जातो.

मधुमेह आणि हिरड्या यांचे नाते दुहेरी आहे. साखर आटोक्यात नसेल, तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांची सूज राहिली, तर साखर आटोक्यात आणणे जड जाते. हिरडीखालच्या सफाईनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी सुमारे ०.४ टक्क्याने उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आले आहे. हा लाभ लहान वाटला, तरी मधुमेहींच्या दृष्टीने दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर मशेरीचा उल्लेख अटळ आहे. भाजून कुटलेली ही तंबाखू दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांवर चोळली जाते. महिलांमध्येही तिचे प्रमाण बरेच आहे. तिने दात स्वच्छ होतात हा भ्रम आहे. ती तंबाखूच असून हिरड्यांची हानी आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका, हे दोन्ही तिच्यासोबत येतात. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. मशेरीची सवय मात्र घरातूनच मोडावी लागेल.

खोली कमी होते का?

होते, आणि हीच यातील आशादायक बाजू आहे. पहिला उपचार म्हणजे दातांवरील आणि हिरडीखाली मुळांवर बसलेले किटण काढणे. खोल जागी भूल देऊन ही सफाई करतात. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांच्या आत पुन्हा मोजणी होते. चार ते सहा मिलिमीटरची पॉकेट सरासरी एक ते सव्वा मिलिमीटरने आणि सात मिलिमीटरपेक्षा खोल पॉकेट सुमारे दोन मिलिमीटरने उथळ होतात. उरलेल्या खोल जागांसाठी हिरडी बाजूला सारून केली जाणारी फ्लॅप शस्त्रक्रिया, तर निवडक ठिकाणी हाडाची भर घालण्याचे उपचार केले जातात. गेलेले सारे हाड परत येत नाही. उरलेले टिकविणे हेच खरे उद्दिष्ट असते.

‘दात साफ करून घेतले की ते ढिले होतात’ हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. त्यामागचे कारण पॉकेटच्या आकड्यांवरूनच समजते. सफाईनंतर खोली कमी होते ती दोन प्रकारे : काही प्रमाणात हिरडी दाताला पुन्हा घट्ट चिकटते आणि काही प्रमाणात सूज उतरल्याने तिची कड खाली येते. कड खाली आली की दात लांब आणि फटी मोठ्या दिसू लागतात. उघडे पडलेले मूळ थंड पाण्याने काही दिवस झिणझिणते. दात आधीच हलत असतील, तर त्यांना जखडून ठेवणारे किटण निघाल्यामुळे ते हलणे जाणवू लागते. सफाईने दात ढिला झालेला नसतो. तो ढिला असल्याचे सफाईने उघड होते.

उपचार कुठवर न्यावेत, याचेही निकष आहेत. युरोपीय तज्ज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा मिलिमीटर वा अधिक खोलीची एकही जागा उरू नये आणि चार मिलिमीटरहून खोल जागी रक्तस्राव नसावा, हे उद्दिष्ट मानले जाते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे सरासरी ११ वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या २००८ मधील अभ्यासातही, उपचारांनंतर उरलेले सहा मिलिमीटरचे पॉकेट दात गमावण्याचा धोका वाढविते, असे दिसून आले होते.

घरी काय करावे?

मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, दात घासावेत. ब्रशचे केस हिरडीच्या कडेकडे तिरके, सुमारे ४५ अंशांत धरून हलक्या हाताने फिरवावेत. जोर लावल्याने सफाई वाढत नाही, हिरडी मात्र झिजते. दातांमधील फटी ब्रशने साफ होत नाहीत आणि पॉकेटची सुरुवात बहुधा तेथेच होते. फटी मोठ्या असतील तर त्यांच्या मापाचा छोटा ब्रश आणि दात चिकटून असतील तर फ्लॉसचा धागा वापरावा. मिठाच्या गुळण्यांनी सुजेला आराम पडतो. परंतु किटण निघत नाही. औषधी माउथवॉश वा प्रतिजैविकांच्या गोळ्या हा सफाईला पर्याय नव्हे.

डॉक्टरांना हे विचारा

पुढच्या खेपेला दंतवैद्याकडे गेल्यावर चार प्रश्न अवश्य विचारावेत. माझ्या हिरड्यांची खोली मोजली का? चार मिलिमीटरहून खोल जागा किती आणि कोठे आहेत? त्यांतील किती जागी रक्त आले? हिरडी खाली उतरली आहे का? मिळालेला तक्ता रक्त तपासणीच्या अहवालांसोबत जपून ठेवावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयात कृत्रिम झडप बसविली असेल, तर सळई तोंडात जाण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे.

या विकारांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल, तर मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय व नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांच्या विकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, आणि मधुमेही व तंबाखूचे व्यसन असलेल्यांनी तर न चुकता, वर्षातून एकदा ही मोजणी करून घेणे हिताचे आहे. दात हलू लागल्यावर हाती उरते ते थोडे. आकडा चारवर असताना मात्र बरेच काही वाचविता येते.